प्रवासी सुविधा

पिंपरझिरा रोड.
'रोड' म्हणजे गाव इथं नाही.
गाव साडेतीन किलोमीटरवर, केळीच्या बागांपलीकडे.
इथं फक्त रूळ, तापीकडून येणारा वारा
आणि पिवळ्या पाटीवर समुद्रसपाटीपासूनची उंची,
जी आम्ही अपडाऊनवाल्यांनी एकोणीस वर्षं रोज वाचली
आणि एकालाही पाठ नाही.

तिकीटखिडकीशेजारी निळा फलक होता:
पिण्याचे पाणी – आहे.
बाकडी – चार.
प्रतीक्षालय – आहे.
स्त्रियांसाठी शौचालय – आहे.
'आहे' हा शब्द रेल्वेचा रंगारी
फार सफाईनं लिहायचा.

पाणी होतंच. मे महिन्यात नळाखाली ओंजळ धरली
की हात आपोआप मागे यायचा.
एका बाकड्यावर कोरलेलं,
कै. झेंडू उखा पाटील यांचे स्मरणार्थ.
दुपारी त्यावर कुणी बसत नसे, सिमेंट भाजायचं.
प्रतीक्षालयात पार्सलची एक बेवारस सायकल,
आणि एक कुत्री, दरसाल नव्या पिल्लांसकट.

चौथं जे 'आहे', त्याला कुलूप.
चावी हिलालभाऊच्या टेबलामागे खिळ्याला,
वीतभर लाकडी ठोकळ्यात ओवलेली,
कुणी पर्समधे टाकून नेऊ नये म्हणून.
खिडकीला पुरुषांची रांग.
रांगेत नवऱ्याच्या मामेभावापासून
मुलाच्या हेडमास्तरांपर्यंत सगळे.
त्यांच्या खांद्यांमधून हात घालायचा
आणि ठोकळा मागायचा.

मी सकाळचा चहा सोडला.
निर्मला सोनवणेनं पाणीही.
जळगावला दिवसभर मी
मुतखड्याच्या बायकांच्या बाटल्यांवर चिठ्ठ्या चिकटवायची,
'पाणी भरपूर पीत जा' असं सांगायची
आणि साडेपाचच्या पॅसेंजरला
कोरड्या ओठांनी उभी राहायची.

एका शनिवारी ठोकळा गेला.
दिवसभर हिलालभाऊनं टेबल उपसलं,
पोर्टरला शिव्या दिल्या, कुत्रीवर संशय घेतला.
संध्याकाळी जैतून तडवी नर्सबाई गाडीतून उतरली,
डब्याच्या पिशवीतून ठोकळा काढून
खिडकीत ठेवला.
"सापडनी का व?"
"सापडनी, भाऊ. तिले सात पोरी व्हयन्यात."
आणि मूठ उघडली. सात चाव्या,
नव्याकोऱ्या, कानशीच्या कचाचा वास असलेल्या.

हिलालभाऊ काही बोलला नाही.
सुटे पैसे मोजत राहिला, चुकला, पुन्हा मोजले.
सोमवारी कुलूप उघडताना
बोटांना तेल लागलं.

पुढे लाइन दुहेरी झाली.
ती खोली, तो फलक, कै. झेंडू उखा पाटील,
सगळं एका सकाळी जेसीबीनं उचललं.
आता पूल आहे, उतार आहे,
पिवळ्या ठिपक्यांची फरशी,
वेळेवर आली तर मेमू.
नवं लेडीज टॉयलेट, फरशीचं, झकास.
कुलूप नाही. कडी पहिल्याच महिन्यात गेली.

पेन्शनच्या कामाला जायचं म्हणून
परवा फलाटावर उभी होते.
कॉलेजची एक मुलगी आली, वजनदार सॅक, घाबरलेली,
"काकू, दार धरता का जरा?"
धरलं.
पर्समधे दुसऱ्या हाताला ती चावी लागली,
जुन्या पासच्या कव्हरात, काहीच न उघडणारी.

आतून तिनं विचारलं,
"गाडी दिसते का हो?"
दिसत होती. वळणावर दिवा, रूळ वाजायला लागलेले.
मी दाराला पाठ लावली
आणि म्हटलं, "येवाले येळ शे अजून.
बठ निवांत."