उत्तर ‘नाही’ असल्यास

तुर्भ्याच्या दगडखाणीमागे, बंद पडलेल्या क्रशरपासून
डाव्या हाताची सातवी खोली.
दाराशेजारी खडूने आमचाच दोन वर्षांपूर्वीचा नंबर.
मल्लव्वाने तो पुसला नाही,
चुना मारताना तेवढा चौकोन सोडून दिला.
सरकारी असंल म्हनून, ती म्हणते.

सरकारी नाही.
पैसे बाहेरच्या देशातल्या एका संस्थेचे,
प्रश्न विद्यापीठाचे, टॅब्लेट भाड्याचा,
आणि मी घणसोलीची, एम.ए.चं दुसरं वर्ष,
एका फॉर्मचे एकशेवीस रुपये.

प्रश्न बारा. घरात पाणी शुद्ध करायचं साधन आहे का?
उत्तर ‘नाही’ असल्यास प्रश्न एकोणीसवर जा.
मी जाते.
मधले सहा प्रश्न नाल्यापलीकडच्यांसाठी,
ज्यांना निळी टाकी मिळाली.
कुणाला द्यायची ते संगणकाने चिठ्ठ्या टाकून ठरवलं,
त्यात कुणाचा दोष नाही, वर्गात हे मला पटलंही होतं.
अलीकडची वस्ती तुलनेसाठी.
हे तिला सांगायचं नाही. प्रशिक्षणात दोनदा बजावलंय.

“टाकी तर मी लावते दारोदार, पाट्यांना,” मल्लव्वा हसते,
“ही दुसरी टाकी पलीकडं गेली. आमाला साबन.”
सहभागाबद्दल दोन वड्या, गुलाबी.
“साबन लई चांगला हाय. पान्याचं बगा की.”
‘इतर’च्या रकान्यात मी लिहिते: साबण चांगला.

प्रश्न चौसष्ट. समजा एक शिडी आहे, दहा पायऱ्यांची.
सगळ्यात वर सगळ्यात चांगलं आयुष्य,
सगळ्यात खाली सगळ्यात वाईट.
तुम्ही कितव्या पायरीवर?

ती हातोडी खाली ठेवते.
“बांबूची का लोखंडी?”
मी स्क्रीन बघते. लिहिलेलं नाही.
“कशाला टेकवलीया?”
तेही नाही.
“माजा दीर यंकप्पा सानपाड्याला रंगाच्या कामावर व्हता.
पायऱ्या समद्या धड व्हत्या.
खालची फरशी वली व्हती.”

टॅब्लेट थांबून आहे. शून्य ते दहा,
नव्याण्णव म्हणजे माहीत नाही,
अठ्ठ्याण्णव म्हणजे उत्तर द्यायला नकार.
तिला माहीत आहे, आणि ती नकारही देत नाहीये.

मागच्या महिन्यात ग्रंथालयात एक प्रबंध हाती लागला,
टंकलिखित, खाडीकाठच्या गावांवर, भूसंपादनाच्या आधीचा.
परिशिष्ट ब, कुटुंब एकशे अठरा:
व्यवसाय मिठागर. माणसं नऊ. होडी नाही. टोप अकरा.
नाव नव्हतं, पण दाराशी उंबर
आणि एका पायाने अधू कर्ता पुरुष, म्हणजे आम्हीच.
आत्याला वाचून दाखवलं.
जवळा निवडत होती, मान वर न करता म्हणाली,
“अकरा कंचे? बारा व्हते.
एक टोप शेजारी हलदीला गेलता.”
आणि जरा वेळाने,
“त्या मास्तराला इचाराला काय झालं व्हतं?”

इतकी वर्षं त्या तक्त्यात एक टोप कमी आहे.
सरासरीत तो दिसायचाही नाही.

“तुजी कितवी गं?” मल्लव्वा विचारते.
फॉर्ममध्ये बाण त्या दिशेला नाहीत.
पाचवी असेल, मी म्हणते.
“मग माजीबी पाच लिव.
दोगी मावत नसलो तर तू जरा सरक.”

पाच दाबते. नियमाने हे उत्तर बाद:
विचारणाऱ्याचा प्रभाव. कळवायला हवं.
उद्या कळवीन.

निघताना ती विचारते, नंबर पुसू का ठिवू.
ठेवा, मी म्हणते, अठरा महिन्यांनी परत येऊ.
मग ती चुलीतला कोळसा घेते
आणि पुसट झालेला चार नीट गिरवायला लागते.
गिरवता गिरवता त्याचा जरासा पाच होतो.
मी बघते. चपला घालते.