दहा सेंटिमीटर

दर सोमवारी साडेनऊला श्योना माझ्यापुढे एक रेघ ठेवते.
दहा सेंटिमीटरची. डाव्या टोकाला 'मुळीच नाही',
उजव्या टोकाला 'याहून जास्त असूच शकत नाही'.
आत्ता जेवढी तलफ आहे, म्हणते, तेवढ्यावर फुली मार.

तेवीस वर्षं मी ट्रॉलरवर होतो.
फ्रेझरबराचा धक्का सुटला की चार-चार दिवस जमीन नाही.
माझा आजा खोली वावांनी मोजायचा,
दोन्ही हात फैलावले की एक वाव.
दोरीला शिशाचा गोळा, गोळ्याच्या बुडाला चरबी.
वर ओढल्यावर चरबीला काय चिकटलंय ते बघायचा,
वाळू, शिंपल्याचा चुरा, काळा गाळ,
आणि सांगायचा, आपण कुठं आहोत.

श्योनाकडे पट्टी आहे. शाळकरी, पारदर्शक, कोपऱ्यात तुटलेली.
सहा पॉइंट चार, ती लिहून घेते.
मागच्या सोमवारी सात पॉइंट एक होतं. छान, म्हणते.
काय छान झालं ते मला कळत नाही.
आज सकाळी कप विसळताना चमचा हाताला लागला,
स्वच्छ, साधा, साखरेचा,
आणि पाठीवरून घाम उतरला.
तो कितवा मिलिमीटर?

मग दुसरा कागद. भरवसा, शून्य ते शंभर.
हातात पैसे आले तर स्वतःला आवरशील?
पैसे येतात कुठं? पासष्ट लिही.
घरात भांडण झालं तर?
भांडायला आता कोण आहे. नव्वद.
जुना सोबती भेटला तर?

खिडकीबाहेर बर्फाच्या कारखान्यावर
समुद्रपक्षी कलकलाट करतायत.
केनी लाइंग, माझ्याच बोटीवरचा, एकाच सुईचे आम्ही दोघं.
त्याला पुरून दोन हिवाळे झाले.
तरी कधी रात्री येतो, ओल्या बुटांनी, दारातच उभा राहतो.
'आहे का रे?'
एवढंच.

वीस, मी म्हणतो.
श्योना लगेच लिहीत नाही.
पेन कागदावर टेकवून थांबते जराशी,
आणि त्या थांबण्याला रकाना नाही.

औषध हिरवं असतं. केमिस्टसमोर उभ्यानं प्यायचं,
मग दोन शब्द बोलून दाखवायचे, म्हणजे गिळलं हे कळतं.
'हवा बरी आहे,' मी म्हणतो. नसते.

तिथून घरी जायला दोन रस्ते.
दीपगृहाला वळसा घालून एकोणीस मिनिटं.
दुसरा चार मिनिटांचा,
त्यावर एक निळं दार.
काल वळसा घातला. परवाही.
शनिवारी नाही घातला.
दार वाजवलं. आत कुणी नव्हतं.
उभा राहिलो, पुन्हा वाजवलं.

हे कुठल्याच कागदावर विचारलेलं नाही,
मीही सांगितलं नाही.
पुढच्या सोमवारी सांगेन श्योनाला.
भरवसा: पंचेचाळीस.
चाळीस.