दात सुटे

आधी कानाच्या डॉक्टरकडे गेलो.
दुखणं कानाच्या पुढ्यातच बसलं होतं,
मासळीच्या टोपलीशी मांजर बसतं तसं.
त्याने कानात उजेड टाकला, म्हणाला, कान साफ आहे.
मग कणकवलीत एकाने दाढ काढली.
दाढ गेली.
दुखणं तिथेच, उलट जागा मिळाल्यासारखं
पाय पसरून.

मी बुधाजी खवणेकर, आनंदवाडीत जाळी विणतो.
चाळीस वर्षं नायलॉनचा दोरा दातांनी तोडला.
कातर खिशात असायची, पण हात गुंतलेले,
आणि दात काय, फुकटचे.
आता भाकरीचा तुकडा चावला तरी उजवीकडे कट्ट,
सुकाणूची बिजागरी गंजली की वाजते तसं.
जांभई आली की डोळ्यांत पाणी.

देवगडात डॉक्टर नाझनीन होडेकर.
आडनावात होडी आहे, म्हटलं आपलं ऐकेल.
म्हटलं, बाई, कापा आणि मोकळं करा.
तिने माझ्या कानांपुढे दोन बोटं ठेवली.
उघडा. मिटा. हळू.
पट्टी लावून मोजलं: सव्वीस.
"चाळीसच्या आसपास जाऊ. कापाकापी नको, घाईही नको."
कागदावर काढून दाखवलं:
हे हाड, ही खोबण, मधे एवढीशी गादी,
ती जागची सरकते म्हणून आवाज.
आणि गालातला हा स्नायू, दिवसरात्र ताणलेला,
भरतीत नांगराचा दोर असतो तसा.
"दातांनी भेटायचं जेवताना. एरवी
ओठ मिटलेले, दात सुटे, जीभ टाळूला."

मी म्हटलं, मी कुठे आवळतो?
शेवंती बाजूलाच बसली होती.
"रात्री तुमी दातांनी बोलतास," म्हणाली,
"माका झोप लागणा नाय."

मग पेज. मऊ भात. कुळथाची पिठी.
चकल्यांचा डबा शेजारी गेला.
सकाळ-संध्याकाळ गालाला ऊन कपडा,
जांभईला हनुवटीखाली मूठ,
रात्री दातांवर प्लास्टिकची टोपी,
पहिल्या रात्री वाटलं, तोंडात कोणी शिंपलाच ठेवलाय.

आणि टिकल्या.
जिथे नजर जाते तिथे खूण लावा, बाईंनी सांगितलेलं.
शेवंतीने अख्खं पाकीट दिलं, लाल.
एक जाळ्याच्या सुईवर, एक आरशावर,
एक मोबाईलच्या पाठीवर, एक खाडीकडच्या खिडकीला.
टिकली दिसली की स्वतःला विचारायचं: दात कुठे आहेत?

सुई: सुटे.
मोबाईल: सुटे.
आरसा: बहुतेक सुटे.
खिडकी: आवळलेले.
दुसऱ्या दिवशीही. पंधरा दिवस.
चार वाजता, भावाची होडी खाडीत शिरते तेव्हा.
बापाच्या वाटणीनंतर नऊ वर्षं बोललो नाही.
त्याचं इंजिन आवाजावरून ओळखतो,
मीच बसवलेलं.

हे डॉक्टरला सांगितलं नाही.
तिने मोजलं: चौतीस.
विचारलं, काय बदललंत?
म्हटलं, कातर वापरतो.

कट्ट अजून वाजतं अधूनमधून.
दुखत नसेल तर वाजू दे, ती म्हणाली.
ओहोटीचा दिवस होता. मी खिडकीत.
ओठ मिटलेले, दात सुटे, जीभ टाळूला,
आणि गंगारामची होडी सरळ गाळावर निघालेली.
जीभ टाळूची सुटली कधी कळलं नाही.
"डावेक घे रे! गाळ हा थंय!"
त्याने डावीकडे घेतली.
वर बघितलं नाही.

मोठ्याने ओरडायचं नाही, हे बाईंच्या कागदावर
तिसऱ्या ओळीत लिहिलेलं आहे.
रात्री ऊन कपडा धरून बसलो, जबडा ठणकत होता.
शेवंतीने विचारलं, कोणाक हाक मारल्यात?
म्हटलं, कोणाक नाय.

सकाळी खिडकीवरची टिकली दमटाने गळलेली.
दुसरी लावली.