पिवळी पावती

हर्णै बंदरावर, बर्फाच्या फॅक्टरीत
मी सव्वीस वर्षं पावत्या फाडते.
पांढरी गिऱ्हाइकाला, गुलाबी शेठला,
पिवळी माझ्याकडे राहते
आणि पिवळीची पाठ कोरी असते.

लिहायला कशी लागलीस, असं कुणी विचारत नाही.
विचारलंच तर एवढंच सांगता येईल.

पहाटे चारला हिरावतीचा तांडेल, यतीन दोरकुळकर,
खिडकीवर ठोकतो. चाळीस लाद्या.
मी चाळीस लिहिते, आधी आकडी, मग अक्षरी.
अक्षरी लिहिताना हात जरा पुढं जातो :
चाळीस फक्त.
चाळीस, आणि डोलकाठीवर एक कावळा.
चाळीस, आणि यतीनच्या स्वेटरला आज एक बटण जास्त,
वेगळ्या रंगाचं, कुणीतरी रात्री बसून लावलेलं...
मग पावती उलटावी लागते.

लादी होताना मी रोज बघते.
डबा मिठाच्या पाण्यात उभा. गोठणं बाहेरून आत येतं.
कडा आधी, काचेसारख्या,
पलीकडचा माणूस ओळखू यावा इतक्या.
मधलं सगळ्यात शेवटी.
पाण्यातली हवा, गाळ, जे काय असेल ते
ढकललं जात जात तिथंच येऊन अडकतं,
म्हणून लादीच्या पोटात ती पांढरी, धुरकट रेघ.
गिऱ्हाईक म्हणतं, कच्ची आहे, बदलून द्या.
मशीनवाला भिकाजी बिडी विझवत म्हणतो,
कच्ची कुठली, तिथं पाणी
जास्तीत जास्त वेळ पाणी होतं.

नावाचं म्हणाल तर
पगाराच्या वहीत मी न. द. पालशेतकर,
आधार कार्डावर दोन मात्रांची नैना,
माहेरी दाभोळला अजून बेबी, या वयात,
जेटीवर लादीवाली बाय.
एकदा चिपळूणच्या एका दिवाळी अंकात कविता आली,
खाली छापलं : नयन पालशेतकर.
चांगुणा पावशी बर्फाचा चुरा न्यायला आली होती,
तिनं ओल्या बोटानं नाव चाचपून वाचलं.
"यो कोन गो? तुजा दीर?"
मी म्हटलं, हो.
का म्हटलं कोण जाणे.
तेव्हापासून ती त्याची चौकशी करते.
"लिवतो का नाय तो आता?"
लिहितो, मी म्हणते. सवड मिळेल तसा.

खरं तर सवड मिळते तेव्हा तो काही लिहीत नाही.
जून-जुलै मासेमारी बंद, फॅक्टरी बंद,
दोन महिने सगळे माझे.
एका वर्षी दापोलीहून दोनशे पानी वही आणली, रेघांची, पुठ्ठ्याची.
तिच्यात आहे :
गॅसचा नंबर, मुलाच्या हॉस्टेलचा पत्ता,
सुकटीचे कुणाकडून किती यायचे,
आणि एका पानावर नुसती तारीख.
नारळी पौर्णिमा झाली, कॉम्प्रेसर धडधडला,
अमोनियानं डोळे चुरचुरले,
आणि पहिल्याच पिवळ्या पावतीवर, गर्दीत,
मागे तीन माणसं ओरडत असताना,
आली एक ओळ. निर्लज्ज.

गेल्या महिन्यात दापोलीहून फोन,
सीएच्या ऑफिसातली नवीन पोरगी.
"मॅडम, पावती चारशे सतराच्या मागं
काहीतरी लिहिलंय. हिशेबात धरायचं का?"
काय लिहिलंय, वाच.
तिनं वाचलं, बिल वाचतात तसं :
"चाळीस लाद्या गेल्या.
फरशी ओली आहे,
ती कुणाच्या नावावर टाकू?"
मला आठवेना कधीचं ते.
यंत्राचा आवाज एवढा, की एक कान बोटानं बंद करून
मी म्हटलं, पुन्हा वाच.
तिनं पुन्हा वाचलं, या वेळी थोडं हळू.
मग म्हणाली, "कुणाचं म्हणून लिहू?"

पलीकडे ती थांबली होती, पेन घेऊन.
इकडे खिडकीवर कुणीतरी ठोकत होतं.