भरतीचं वेळापत्रक

फ्रिजवर दोन कागद आहेत.
एकावर भाड्याच्या चेकच्या तारखा,
दुसऱ्यावर भरती-ओहोटी.
पहिला चुकला तर घरमालक फोन करतो.
दुसरा चुकला तर कयाक चिखलात रुतते
आणि फोन करायला कुणी नसतं.

फेब्रुवारीतला शनिवार. धुकं इतकं
की इलेक्ट्रा रोडचे सिग्नल
नुसते रंग होऊन लटकलेले.
शेट्येकाका बिल्डिंगखाली उभे,
हातात स्टीलचा डबा, पायात ऑफिसचे बूट.
"काका, खाडीत जायचंय."
"म्हणूनच जुने घातले."
सव्वीस वर्षं अबू धाबीत, सगळी ड्रॉइंग बोर्डापाशी.
मार्चअखेर व्हिसा संपेल, मग देवगड.

नाकातोनं त्यांना लाइफ जॅकेट चढवलं,
पट्टे आवळले, लहान मुलाला शाळेत पाठवावं तसे.
ती युगांडाची. देशाला समुद्र नाही,
"पण सरोवर आहे," म्हणाली, "पलीकडचा काठ न दिसणारं."
काका मान डोलावत राहिले,
दोघांचं इंग्रजी वेगवेगळ्या गावचं.

वल्ह्याचा पहिला आवाज.
दुसरा.
मग पुलावरून जाणाऱ्या ट्रकांचा,
वरून, जाड गोधडीतून यावा तसा.
पुलाखाली आल्यावर काका थांबले.
वल्हं मांडीवर आडवं ठेवलं
आणि खांबाला तळहात टेकवला.
"पी चौदा," म्हणाले. "हा माझ्या हातचा.
आठ वेळा बदलायला लावला होता."
"आणि ही झाडं?"
"ती हिरव्या रेघांत.
हद्द आखायची, आत क्लिक करायचं,
सगळं भरून येतं. दोन सेकंद."
"बघायला कधी आला नाहीत?"
"साइटवर इंजिनियर जायचे."

आतली वाट अरुंद. दोन्ही बाजूंना तिवर,
चिखलातून वर आलेली श्वासमुळं,
कुणी हजार पेन्सिली उलट्या रोवल्यासारखी.
एक बगळा आमच्याकडे पाहून
कंटाळल्यासारखा दुसरीकडे वळला.
काकांनी फांदी न मोडता वाकवली,
पानाच्या पाठीला जीभ लावली.
मी हसणार होते. हसले नाही.
"खारट," म्हणाले. मग स्वतःशीच, मालवणीत,
"ह्या झाड माका वळाखता."
गावी म्हशीला हाच पाला घालायचे म्हणे,
आई पहाटे ओहोटीला कोयता घेऊन निघायची.
हे त्यांनी मला सांगितलं की खांबाला,
कळलं नाही.

"कागद आहे?"
पिशवीत वेळापत्रकच होतं, प्लास्टिकमध्ये.
पाठ कोरी.
खिशातून क्लच पेन्सिल निघाली,
मुळं काढायला बसले.
पट्टी नाही, माप नाही. पहिली रेघ सरळच गेली,
हाताची सवय. त्यांनी शिवी दिली,
मनगट सैल केलं, पुन्हा सुरुवात.
धुकं विरलं. लांब काचेचे मनोरे दिसू लागले,
त्यांनी वर पाहिलं नाही.

पाणी कधी उतरलं?
ज्यावर वेळ लिहिली होती
त्याच कागदावर ते चित्र काढत होते.
नाकातो ओरडली, आम्ही रुतलो,
उतरून ढकलावं लागलं, गुडघाभर काळा चिखल,
कुजक्या अंड्यांचा वास, आणि काका
इतके हसत होते की तोल गेला.
कयाक सुटली. डावा बूट नाही सुटला.
मागे वळून पाहिलं तर त्याच्या नाडीपाशी
एक खेकडा, नांगी उगारून,
ताबा घेतल्यासारखा.

परतताना इलेक्ट्रा रोडवर
एका पायात बूट, दुसऱ्यात काळा मोजा,
काका लिफ्टची वाट बघत उभे.
वॉचमननं काही विचारलं नाही.

आता जून. ऊन असं की दाराची कडी धरवत नाही.
फेब्रुवारीच्या भरत्या कधीच्या येऊन गेल्या,
म्हणून कागद उलटा लावलाय.
मुळं वाकडी आहेत, दोन ठिकाणी खोडलेली,
कोपऱ्यात बारीक अक्षरात सवयीनं लिहिलेलं:
स्केल नाही.

काल देवगडहून मेसेज आला.
आंब्याचं काही नाही, तब्येतीचं नाही.
एवढंच:
बूट वर इलो काय?