थ्रू डबा

माझा प्रज्वल परदेशातून आला, मामाच्या ओट्यावर बसून सांगत होता:
तिकडं शहराच्या पोटातून धावणारी गाडी
शेवटच्या स्टेशनात संपतच नाही.
बोगद्यातून वर येते, दुसऱ्या कंपनीच्या रुळांवर चढते,
भाताची खाचरं ओलांडत लांबच्या गावाला जाते.
शिवेवर फक्त ड्रायव्हर बदलतो.
एक टोपी नीट करून उतरतो,
दुसरा टोपी नीट करून चढतो.
माणसं जागची हलत नाहीत.

मष्णूमामा सुपारी कातरत होता.
"मग आमच्या लोंढ्यात येगळं काय हुतं गा?"

मीटरगेजचे दिवस. रात्री अडीचला मिरजेकडची गाडी.
तिचा शेवटचा डबा गोव्याचा.
कंदील कोपरात अडकवून मामा मध्ये उतरायचा,
हूक काढायचा, व्हॅक्यूमचा पाइप सोडायचा.
पाइप एकदाच सुस्कारायचा.
मग गाडी आपल्या वाटेनं हुबळीला,
आणि डबा तिथंच, अंधारात, सागाच्या झाडांपाशी.

आत घटप्रभेत चढलेली बाई
तोंडावर चादर घेऊन झोपलेली.
तिला कधी कळलंच नाही
की अर्धा तास ती कुठल्याच गाडीत नव्हती.

मामाला तेवढाच अर्धा तास आवडायचा.
इंजिन नाही, गार्ड नाही,
डब्यावर खडूनं लिहिलेलं नाव दवानं पुसत चाललेलं,
आणि आतून कुणाचं तरी घोरणं.
घोरण्याला काय मराठी, काय कानडी.

एकदा मात्र एक म्हातारी जागी झाली.
दारात येऊन म्हणाली, "यावूरप्पा इदु?"
गाव कुठलं म्हणून.
मामानं कंदील वर केला.
"इन्नू बंदिल्ला अव्वा. अजून आलंच नाही. झोपा."
ती झोपली.

प्रज्वलनं फोनवर व्हिडिओ दाखवला.
ड्रायव्हर बदलतात ती जागा मामानं तीनदा बघितली.
"आणि डबा जोडणारा?"
"तिकडं डबे सुटतच नाहीत अज्जा."

अडकित्ता खाली ठेवला मामानं.
"मग मधीच कोण जागं झालं तर
त्यास्नी सांगतंय कोण?"

प्रज्वल हसला. मी नाही.
निघताना मामानं सुपारीचं खांड माझ्या हातावर ठेवलं.
खाल्लं नाही मी.
पदराच्या टोकाला बांधून
खानापूरपर्यंत तसाच आलो,
खिडकीतून एकेक पाटी वाचत,
वरची ओळ, मग खालची.