पासष्ट अंश

गाडी आता बाहेर, कडुलिंबाखाली उभी असते.
चिमण्या तिच्यावर जे करायचं ते करतात.
शटरच्या आत अँगलचा तीन मजली मांडव,
मजल्यामजल्यावर एकेक पातेलं,
आचाऱ्याच्या भंगारातून वजनावर घेतलेलं.
मधल्याच्या काठावर अजून वाचता येतं :
'खंडेराव दत्तराव, मौजे आडूळ, यांजकडून'.

वेल्डिंग मुजीबभाईचं, चिकलठाण्यातलं.
डोळ्यावरची काच वर करून त्यानं विचारलं,
"मियाँ, ये दवाखाने का है या शादी का?"
म्हटलं, दोन्हीच्या मधलं काहीतरी.

वाळूजला बावीस वर्षं काचेआड बसलो.
समोर लाल आकडे,
पासष्ट, पासष्ट पूर्णांक एक, पुन्हा पासष्ट.
पलीकडे टाकीत काय शिजतंय
ते कधी जिभेवर आलं नाही.
गेटवर रोज खिसे तपासले, डबा उघडून बघितला.
नाकातून मी काय घरी नेतोय
ते कुणी विचारलं नाही.

हिशेब झाला. हातात आलं त्यातून
दोन पंप घेतले, चार व्हॉल्व्ह, हीटर,
आणि एक कंट्रोलर, काडेपेटीएवढा.
त्याला रात्री जागून शिकवलं :
इतकं झालं की तापव, इतकं झालं की थांब,
खालच्याला वर पाठव, वरच्याला खाली सोड.
माणसानं हात लावायचं कामच नाही,
हे मी कुशावर्ताला तीनदा ऐकवलं.

ती म्हणाली, "आन् नळ?"

जायकवाडीचं पाणी आठव्या दिवशी येतं.
कधी नवव्या. कधी पहाटे तीनला,
टाकसाळेबाईंच्या हाकेबरोबर.
ती हाक कुठल्या वायरीत घालावी
मला सापडलं नाही.
म्हणून प्रोग्रामची पहिली ओळ :
वाट बघ.

तिची अट एकच होती.
थंड करायचं पाणी गटारीत जायचं नाही.
म्हणून कॉइलची नळी भिंत फोडून
न्हाणीतल्या तिच्या बादलीत सोडलीय.

ज्वारी मालदांडी, तिच्या माहेरची, परळीकडची.
ओल्या पोत्यात मोड काढले, गच्चीवर वाळवली,
तिनंच राखली पाखरांपासून, कुरकुरत :
"हे तर आंबिलाचं काम.
आंबिलाला एवढं लोखंड लागतं व्हय?"

रविवारी नळ आला.
पंप घुमला, दिवे लागले एकेक,
आकडा चढत गेला आणि बसला. पासष्ट.
मी खुर्ची ओढली, पाय पसरले,
बावीस वर्षांच्या सवयीनं.

अकरा वाजता डीपी उडाली.

पंपानं एक घोट अर्धवट गिळला.
आकडा गेला. गॅरेजात इतकी शांतता
की भरड तळाला बसताना ऐकू यावी.
मी फ्यूज बघितला, उगाच. वायर हलवली, उगाच.

ती दोन गोधड्या घेऊन आली,
पातेल्याला गुंडाळल्या, जुन्या साडीच्या काठानं आवळल्या,
झाकण सरकवून वाफेवर तळहात धरला,
बाळंतिणीचं पाणी बघावं तसा.
"उतरलं जरा."
मी काचेचा थर्मामीटर शोधला. त्रेसष्ट.
तिनं गॅसवरून उकळतं आणलं,
अंदाजानं ओतलं, लाकडी उलथन्यानं ढवळलं.
"आता बघ."
पासष्ट.

तिनं आकड्याकडे पाहिलंच नाही.

तासाभरानं चमचा बुडवून चाखलं,
फुंकर घालून, डोळे बारीक करून.
"गोड हाय की. हुरड्यावानी.
हितंच थांबव. कडू कशाला करतोस?"

पुढचं मला सांगता येत होतं,
हॉप्स, यीस्ट, चौदा दिवस अंधारात.
नाही सांगितलं.
एक तांब्या भरून तिच्यासाठी बाजूला काढला.

तीनला लाइट आली.
पंख्याआधी कंट्रोलर जागा झाला,
सकाळचं काहीही न आठवता,
आणि हिरव्या अक्षरांत म्हणाला,
वाट बघ.

ती तोवर बादलीत हात घालून बसली होती :
"अजून गारच हाय तुझं."